रक्तातल्या पेशी मोजायच्या, पण कुणाच्या मापानं?

मंडईत गेल्यावर भाजीवाल्याच्या काट्याकडे आपण फारसं निरखून बघत नाही. दादरला घेतलेला एक किलो कांदा नाशिकला नेऊन तोलला, तरी तो एक किलोच भरणार याची आपल्याला खात्री असते. ही खात्री आपोआप आलेली नाही. दुकानदाराच्या वजनावर सरकारी खात्याचा शिक्का असतो, त्या खात्याची वजनं वरच्या प्रयोगशाळेतल्या वजनांशी ताडून बघितलेली असतात, आणि ही साखळी वर वर जात थेट पॅरिसजवळ पोचायची. मे २०१९ पर्यंत तिथल्या तिजोरीत ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा सिलिंडर म्हणजेच अख्ख्या जगाचा किलो होता! आता किलोची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावरून करतात. पण साखळी आहेच.

आता समजा, कांद्याऐवजी मोजायच्या आहेत तुमच्या रक्तातल्या पेशी. मुंबईच्या लॅबनं सांगितलं २००, पुण्याच्या लॅबनं सांगितलं २४०. खरं कुणाचं? कुठल्या तिजोरीत जाऊन बघायचं? रक्त तर दोन-तीन दिवसांत खराब होतं, आणि प्रत्येकाचं वेगळं असतं. 'प्रमाण पेशी' नावाची वस्तू तिजोरीत ठेवता येत नाही.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी. थर्ड इयरच्या सेमिनारसाठी मी 'फ्लो सायटोमेट्री' हा विषय घेतला, तेव्हा अर्ध्या वर्गाला वाटलं की मी चुकून मेडिकलच्या लायब्ररीत शिरले. पण जसजशी वाचत गेले, तसतसं लक्षात आलं की हा विषय आपलाच आहे. लेसर, सेन्सर, अॅम्प्लिफायर, कॅलिब्रेशन, एरर... सगळे ओळखीचे चेहरे! आणि त्यात अडकलेला प्रश्न मात्र जिवंत माणसाच्या औषधाचा.

दर्शनबारीतल्या पेशी

आधी यंत्र समजून घेऊ. पंढरपूरची दर्शनबारी आठवा. बाहेर लाखोंची गर्दी, पण बारीच्या शेवटी प्रत्येक जण एकेकटाच विठोबापुढे येतो. फ्लो सायटोमीटरमध्ये हेच घडवून आणतात. रक्ताच्या नमुन्याची बारीक धार एका वेगानं वाहणाऱ्या द्रवाच्या मधोमध सोडतात. बाहेरच्या द्रवाच्या दाबानं ती इतकी निमुळती होते की पेशी एकामागोमाग एक, ओळीनं पुढे सरकतात. फ्लुइड मेकॅनिक्समधला लॅमिनार फ्लो इथे कामाला येतो.

ओळीतली प्रत्येक पेशी लेसरच्या झोतातून जाते. बहुतेक यंत्रांत ४८८ नॅनोमीटरचा निळा लेसर असतोच. पेशीवर आपटून समोर विखुरलेला प्रकाश तिच्या आकाराचा अंदाज देतो, बाजूला विखुरलेला प्रकाश ती आतून किती दाणेदार आहे ते सांगतो. सेकंदाला हजारो पेशींची अशी हजेरी लागते.

पण नुसत्या आकारावरून पेशीचं काम कळत नाही. त्यासाठी लागतात अँटिबॉडी. पेशीच्या अंगावर वेगवेगळे रेणू असतात, गणवेशावरच्या बिल्ल्यांसारखे. एका ठरावीक बिल्ल्यालाच चिकटणारी अँटिबॉडी घ्यायची, तिला चमकणारा रंग जोडायचा, आणि ती रक्तात मिसळायची. लेसर पडला की फक्त तो बिल्ला असलेल्या पेशी चमकतात. एकाच जातीच्या शुद्ध अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवण्याची रीत कोलर आणि मिलस्टाईन यांनी १९७५ साली शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं.

यंत्राचा इतिहास तर आपल्या लोकांना आवडेल असाच आहे. पेशी भोकातून जाताना विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून पेशी मोजता येतात, या कल्पनेचं पेटंट वॉलेस कूल्टर यांना १९५३ साली मिळालं. १९६५ साली लॉस अलामॉसमध्ये मॅक फुलवायलर यांनी पेशी वेगवेगळ्या करणारं यंत्र बनवलं, ते इंकजेट छपाईचं तंत्र उसनं घेऊन! शाईच्या थेंबाऐवजी पेशी असलेला थेंब. पुढे स्टॅनफर्डच्या लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या गटानं त्याला चमकणाऱ्या रंगांची जोड दिली.

आधी नावांचाच घोळ

गंमत म्हणजे प्रमाणीकरणाचा पहिला प्रश्न यंत्राचा नव्हताच, नावांचा होता. एका कंपनीच्या अँटिबॉडीचं नाव 'ओकेटी-४', दुसरीच्या अँटिबॉडीचं 'ल्यू-३'. दोन्ही चिकटायच्या एकाच रेणूला, पण दोन प्रयोगशाळांचे शोधनिबंध शेजारी ठेवले तर वाचणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटाव्यात! १९८२ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली आणि या बिल्ल्यांना क्रमांक द्यायचं ठरलं. सीडी-३, सीडी-४, सीडी-८ ही नावं तिथून पुढे आली. सीडी-३ म्हणजे सगळ्या टी पेशी, त्यांतल्या सीडी-४ वाल्या मदतनीस, आणि सीडी-१९ म्हणजे बी पेशी, अशी साधारण वाटणी लक्षात ठेवली तरी पुरे.

२०० ची रेषा

सीडी-४ हे नाव सामान्य माणसापर्यंत पोचलं ते एड्समुळे. एचआयव्ही हा विषाणू नेमक्या याच मदतनीस पेशींवर हल्ला करतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. त्या २०० च्या खाली गेल्या की एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही जिवावर उठतात. म्हणून अमेरिकेत १९९३ पासून २०० हा आकडा थेट एड्सच्या व्याख्येतच घातला गेला.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतून एचआयव्हीची मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली. महाराष्ट्र सुरुवातीच्या राज्यांपैकी एक होता. तेव्हा औषध कधी सुरू करायचं याची मोठी खूण होती हीच २०० ची रेषा. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं ती २०१० साली ३५० वर आणि २०१३ साली ५०० वर नेली. २०१५ साली सांगितलं की आकडा काहीही असो, निदान झालं की औषध द्या. भारतानं हे धोरण २०१७ साली स्वीकारलं. तरीही सीडी-४ चाचणी संपलेली नाही. आजार किती पुढे गेलाय आणि इतर संसर्गांपासून जपायला हवं का, हे ठरवताना २०० चा आकडा अजूनही बघतात.

आता त्या मधल्या वर्षांतल्या एखाद्या पेशंटचा विचार करा. रिपोर्टवर १९० आलं तर औषध सुरू, २२० आलं तर 'काही महिन्यांनी परत या'. आणि हा ३० चा फरक पेशंटच्या शरीरातला नसून लॅबच्या पद्धतीतला असला तर? हे वाचल्यापासून माझ्यासाठी 'स्टँडर्ड डेव्हिएशन' हा फक्त परीक्षेतला पाच मार्कांचा प्रश्न राहिला नाही.

फरक येतो कुठून?

मलाही आधी वाटलं होतं की एवढं महागडं यंत्र, ते चुकेल कसं? सेमिनारच्या निमित्तानं पुण्यातली एक लॅब बघायला मिळाली. तिथल्या टेक्निशियन ताई हसून म्हणाल्या, "अगं, यंत्राच्या तोंडात नमुना जाईपर्यंतच अर्धं काम बरोबर किंवा चूक होऊन गेलेलं असतं."

पहिली गोष्ट, रक्ताची नळी. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं, त्यानं रक्त गोठत नाही. मग ते किती तासांत तपासलं, किती तापमानात ठेवलं, हे सगळं महत्त्वाचं. फ्रिजमध्ये ठेवलं तर उलट पेशींचं नुकसान होतं, आणि मे महिन्यातल्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून फिरवलं तरी होतं. शिवाय सीडी-४ पेशींची संख्या दिवसाच्या वेळेप्रमाणेही बदलते, म्हणून एका पेशंटचं रक्त दर वेळी साधारण एकाच वेळी घेतलेलं बरं.

दुसरी गोष्ट, हिशोबाची पद्धत. जुन्या पद्धतीत सायटोमीटर फक्त टक्केवारी द्यायचा आणि पांढऱ्या पेशींचा आकडा दुसऱ्या यंत्रातून यायचा. समजा पांढऱ्या पेशी ५०००, त्यांत लिम्फोसाइट ३० टक्के, आणि त्यांत सीडी-४ वाल्या २० टक्के. गुणाकार केला की ३०० येतात. आता तिन्ही आकडे थोडे थोडेच वर सरकले, ५४००, ३२ टक्के आणि २१ टक्के झाले, तर उत्तर येतं ३६३! प्रत्येक चूक आठ टक्के किंवा त्याहून कमी, पण गुणाकारात मिळून २१ टक्के. एरर प्रोपगेशन शिकवताना आपल्या सरांनी हेच उदाहरण द्यायला हवं.

यावर तोडगा निघाला मण्यांचा. ट्यूबमध्ये आधीपासूनच मोजून ठेवलेले सूक्ष्म चमकणारे मणी असतात. समजा मणी ५०,००० आहेत आणि त्यात आपण ५० मायक्रोलिटर रक्त घातलं. यंत्रातून १०,००० मणी जाईपर्यंत २००० सीडी-४ पेशी दिसल्या. म्हणजे मण्यांच्या एक पंचमांश पेशी, ट्यूबमध्ये एकूण १०,०००, आणि भागिले ५० केलं की मायक्रोलिटरला २००. किती सोपं! दुसऱ्या यंत्राची गरजच नाही. अशा मोजणीसाठी अमेरिकेच्या सीडीसीनं २००३ साली मार्गदर्शक सूचनाही काढल्या.

पण इथे सगळा भार पिपेटवर येतो. ५० ऐवजी ४५ मायक्रोलिटर रक्त पडलं, तर त्याच पेशंटचा आकडा येणार १८०. ५५ पडलं तर २२०. पाच मायक्रोलिटर म्हणजे डोळ्यांना धड दिसणारही नाही असा थेंब! म्हणून 'रिव्हर्स पिपेटिंग' करतात. गरजेपेक्षा थोडं जास्त रक्त ओढायचं, ठरलेलं तेवढंच सोडायचं, आणि टोकात उरलेलं टाकून द्यायचं. ताई ते इतक्या सहज करत होत्या की मला आधी त्यात काही विशेष आहे हेच कळलं नाही.

तिसरी गोष्ट आपल्या प्रांतातली. प्रकाश पकडणाऱ्या फोटोमल्टिप्लायरचा व्होल्टेज एका लॅबनं ४५० ठेवला आणि दुसरीनं ५२०, तर तीच पेशी एकीकडे मंद आणि दुसरीकडे झगझगीत दिसणार. शिवाय रंग एकमेकांत सांडतात. हिरव्या रंगाचा थोडा प्रकाश नारिंगीच्या डिटेक्टरमध्ये शिरतो. आपल्या भाषेत क्रॉसटॉक! तो वजा करायला आधी एकेक रंग वेगळा मोजून कोण कुठे किती सांडतं याचा मॅट्रिक्स बनवतात आणि त्याचा इन्व्हर्स घेतात. आठ रंग असतील तर आठ बाय आठचा. एम-वनच्या पेपरच्या आदल्या रात्री "मॅट्रिक्सचा आयुष्यात उपयोग काय?" असं विचारणाऱ्या माझ्या रूममेटला हे उत्तर समर्पित.

आणि चौथी गोष्ट, सगळ्यांत अवघड: 'गेट'. स्क्रीनवर हजारो ठिपके दिसतात, प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी. ठिपक्यांच्या ढगाभोवती माणूस माउसनं रेघ ओढतो आणि म्हणतो, या आतल्या मोजा. शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे मराठी शब्द शोधताना मी जरा अडखळतेच. 'गेट'ला 'दरवाजा' म्हणावं असं आधी वाटलं, पण इथे खरं तर 'कुंपण' घालतात. आणि कुंपण म्हटलं की शेताच्या बांधावरून होणारी भांडणं आलीच! ढग स्पष्ट सुटे असतील तर वाद नाही. पण कडेला रेंगाळणारे ठिपके आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे? मोनोसाइट नावाच्या पेशींवरही सीडी-४ चा मंद बिल्ला असतो. नुसत्या सीडी-४ वर कुंपण घातलं तर त्याही आत घुसतात. म्हणून सीडी-३ सोबत बघायचा हा नियम.

उत्तरपत्रिका बाहेरून तपासायची

मग सगळ्या लॅब एका मापावर आणायच्या कशा? एक मार्ग सरळ आहे: सगळ्यांना एकच पेपर द्या. टिकाऊ केलेल्या एकाच रक्ताचे नमुने अनेक लॅबना पाठवायचे, प्रत्येकीनं रोजच्या पद्धतीनंच मोजायचं आणि आकडे परत कळवायचे. सगळ्यांची सरासरी काढायची, आणि जी लॅब दोन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या पलीकडे गेली असेल तिला सांगायचं की पिपेट, मणी, गेट, सगळं परत तपासा. कॅनडात चालणारा अशा प्रकारचा कार्यक्रम अनेक देशांतल्या लॅबना उपयोगी पडला. आपल्या सरकारी सीडी-४ केंद्रांसाठी अशी बाह्य तपासणी करण्याचं काम पुण्याजवळच्या भोसरीतल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेनं केलं. १९९२ साली सुरू झालेली ही 'नारी' संस्था आता नव्या नावानं ओळखली जाते. भोसरी म्हटलं की आपल्याला एमआयडीसी आणि प्लेसमेंटच आठवतात, पण हेही काम तिथलंच.

इथे एक शंका तुम्हालाही आली असेल. सगळ्यांची सरासरी म्हणजे सत्य का? सगळ्याच लॅब एकाच दिशेनं चुकत असल्या तर? शंका अगदी रास्त आहे. सरासरीशी जुळणं म्हणजे एकवाक्यता, आणि ती अचूकतेपेक्षा वेगळी गोष्ट आहे. पण पॅरिसच्या तिजोरीसारखं काही नसताना एकवाक्यतेपासूनच सुरुवात करावी लागते. निदान मुंबईच्या पेशंटचा रिपोर्ट पुण्याच्या डॉक्टरला वाचता येतो.

सीडी-४ ही तशी सोपी केस. संशोधनात मात्र डझनावारी प्रकारच्या पेशी मोजतात आणि तिथे घोळ वाढतो. रक्ताच्या कॅन्सरसाठी युरोपात २००६ साली 'युरोफ्लो' नावाचा गट कामाला लागला. २०१२ साली त्यांनी यंत्राची सेटिंग्ज आणि अँटिबॉडींचे आठ रंगी संच प्रसिद्ध केले. उपचारानंतर १०,००० पेशींत एखादीच कॅन्सरची पेशी उरली आहे का, हे शोधायचं असतं. एक लाख पेशी बघितल्या तर अशा जेमतेम १० सापडणार, आणि वर्गमुळाच्या नियमानं त्यात तीनेकांची अनिश्चितता, म्हणजे ३० टक्के! दहा लाख बघितल्या तर १०० सापडतात आणि अनिश्चितता १० टक्क्यांवर येते. म्हणजे किती पेशी बघायच्या, हेसुद्धा प्रमाणात बसवावं लागतं.

निरोगी माणसांच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या 'ह्युमन इम्युनोफेनोटायपिंग कन्सॉर्शियम'नं तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. तज्ज्ञांनी आठ रंगांचे पाच संच ठरवले आणि सगळ्या अँटिबॉडी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये आधीच मोजून, वाळवून ठेवल्या. म्हणजे लॅबमध्ये कुणी बाटलीतून किती थेंब घातले हा प्रश्नच मिटला. इन्स्टंट कॉफीच्या सॅशेसारखं! नऊ प्रयोगशाळांनी याच प्लेट आणि एकच कार्यपद्धती वापरून काम केलं. निष्कर्ष २०१६ साली छापून आले, आणि ते मला सगळ्यांत रंजक वाटले.

एका लॅबच्या आतल्या आत आकडे चांगले जुळत होते. फरक होता लॅब-लॅबमध्ये. प्रत्येक लॅबनं आपापलं कुंपण घातलं तेव्हा तो जास्त होता. सगळ्यांचा डेटा एकाच ठिकाणी आणून तिथेच कुंपण घातलं तेव्हा तो कमी झाला. आणि संगणकाच्या प्रोग्रॅमनं कुंपण घातलं, तेव्हा तो या मध्यवर्ती तज्ज्ञांच्या बरोबरीला आला. म्हणजे रक्त तेच, अँटिबॉडी त्याच, तरी बराचसा फरक माणसाच्या माउसमधला! अर्थात मंद बिल्ले आणि दुर्मीळ पेशी यांच्याबाबतीत फरक जास्तच राहिला. प्रोग्रॅम म्हणजे जादू नाही.

हे शक्य झालं त्यामागे आणखी एक न दिसणारं प्रमाण आहे: फाइलचा फॉरमॅट. सायटोमीटरचा डेटा कसा साठवायचा याचं 'एफसीएस' हे प्रमाण १९८४ सालीच आलं होतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांतल्या फाइली एकाच प्रोग्रॅमला वाचता येतात, त्या यामुळेच.

मग सगळं बांधूनच टाकायचं का?

माझ्या सेमिनारनंतर एका मित्रानं विचारलं, "सगळ्यांनी एकच पद्धत वापरायची, तर नवीन काही शोधायचं कसं?" प्रश्न चांगला होता. २०२० साली एकाच ट्यूबमध्ये ४० रंगांचा संच प्रसिद्ध झाला. त्यापुढे आठ रंगांचं प्रमाण जुनंच वाटणार. प्रमाण ठरवायला वर्षं लागतात, यंत्रं तोवर बदलून जातात. मला वाटतं, नवीन शोधणाऱ्यानं हवे तेवढे रंग वापरावेत. पण त्यानं केलं काय, हे दुसऱ्याला तंतोतंत करून बघता येईल इतकं नीट लिहून ठेवावं. अशी किमान माहिती कोणती द्यायची याचाही नियम २००८ साली बनला. आणि पेशंटच्या हातात जाणाऱ्या आकड्याला मात्र सूट नको.

जाता जाता आपल्या ज्युनिअर्ससाठी एक गोष्ट. सबमिशनच्या दिवसांत जर्नलमधली रीडिंग्ज शेजारच्या बॅचशी 'जुळवायची' प्रथा आपल्या कॅम्पसला नवी नाही. वरवर बघितलं तर तेही प्रमाणीकरणच वाटेल, सगळ्यांचे आकडे सारखे! पण बाहेरून आलेला नमुना मोजणाऱ्या लॅबनं दुसऱ्या लॅबला फोन करून उत्तर विचारलं, तर तपासणीचा अर्थच संपतो. आपलं पिपेट बिघडलंय हे तिला कधीच कळणार नाही, आणि पुढच्या पेशंटला चुकीचा आकडा मिळत राहील. म्हणून तुमचं रीडिंग शेजारच्यापेक्षा वेगळं आलं, तर ते खोडू नका. दोघं मिळून वायरिंग तपासा, मीटरचा झिरो बघा, परत मोजा. फरक कुठून आला ते सापडेपर्यंत दोन्ही आकडे पेनानं लिहून ठेवा.